सोयरीक आणि रक्ताचा वारसा

वैनगंगेच्या खोऱ्यात, लालबर्ऱ्याच्या परिसरात, सोयरीक ठरविताना परंपरेने दोन प्रश्न विचारले जातात : ज्ञाती कोणती आणि कूळ कोणते? पहिल्याचे उत्तर समान असावे लागते, दुसऱ्याचे भिन्न. पोवार समाज आपली छत्तीस कुळे सांगतो. विवाह समाजातच, परंतु कुळाबाहेर होतो. गोंडांमध्ये समान संख्येचे देव पूजणाऱ्या घराण्यांत सोयरीक होत नाही. मात्र आते-मामे भावंडांचा विवाह त्यांच्यात रूढ होता. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यास ‘दूध लौटाना’ म्हटले आहे.

धर्मशास्त्रकारांनीही या प्रश्नाचा विचार केला होता. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी ‘सपिंड’ शब्दातील पिंडाचा अर्थ देह असा लावला. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले, ते सपिंड. पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत त्यांचा विवाह वर्ज्य मानला गेला.

ज्ञातीच्या मर्यादेचा परिणाम निराळा झाला. भारतीय जनसमूहांच्या जनुकांवरील २०१३ सालच्या संशोधनानुसार, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथील भिन्न वंशांचे लोक मोठ्या प्रमाणावर मिसळले. पुढे ज्ञातीअंतर्गत विवाह दृढ झाला आणि तो संगम मंदावला. त्यामुळे शेजारी नांदणाऱ्या समाजांचाही रक्तवारसा वेगवेगळा राहिला. कूळ भिन्न असले, तरी शतकानुशतके त्याच समाजात सोयरिकी होत गेल्याने वधूवरांचे पूर्वज कोठेतरी एक असण्याचा संभव वाढतो.

मध्य भारतात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारात हे प्रत्यक्ष दिसते. त्याचा एकेरी वारसा हिवतापापासून काही अंशी रक्षण करतो. म्हणूनच तो हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिला. असा वाहक सहसा निरोगी दिसतो. परंतु माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. कुळाची चौकशी कितीही काटेकोर केली, तरी हे दिसून येत नाही. ते रक्ततपासणीच सांगते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानास प्रारंभ झाला. वाहक असणे हा ना दोष, ना कलंक. पूर्वजांनी कूळ विचारले ते संततीच्या हितासाठी; त्याच हितबुद्धीने आज पत्रिकेसोबत रक्ततपासणीचा दाखलाही पाहिला जावा, हे परंपरेस धरूनच आहे.