बघायचं कुणी?

आमच्या शिरोळात ऊसतोडणी सुरू झाली की रस्ता अरुंद होतो. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, पुढंमागं बैलांच्या टायरगाड्या, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सायकली नि मोटारसायकली. माझे अब्बा आयुष्यभर सायकलवर फिरले. संध्याकाळी निघण्याआधी चाक हातानं फिरवून डायनामोचा दिवा लागतो का, ते बघायचे. म्हणायचे, "आपण दिसलो पायजे."

अब्बांच्या तरुणपणी रात्री सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवायचे, कधी चाकातली हवा सोडायचे. बैलगाडीखाली कंदील लोंबायचा. भारतात मोटारींचा कायदा १९१४ साली झाला, पुढं १९३९चा आणि १९८८चा आला. मोटार चालवणाऱ्यालाही परवाना, नोंदणी, वेगाची मर्यादा लागू झाली. पण लहान वाहनवाल्याला घरी, शाळेत, चौकात शिकवण मिळाली ती एकच : तू दिस. अगदी अलीकडंही तेच. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो. सुरुवातीला समोरून येणारा प्रत्येक जण बोटांची उघडझाप करून खुणावायचा, "दिवा चालूय!" लोकांना ती विसरभोळेपणाची खूण वाटायची.

बघण्याची जबाबदारी मोठ्या गाडीवर यायला फार वेळ लागला. त्याची गोष्ट ब्रेकच्या इतिहासात सापडते.

जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये, अशी एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत आली. मोटारसायकलला ती मिळायला १९८८ उजाडलं. आपल्याकडं १ एप्रिल २०१८पासून नव्या मॉडेलना आणि २०१९पासून सगळ्याच नव्या दुचाक्यांना नियम लागू झाला : १२५ सीसीच्या वर एबीएस, त्याखाली निदान दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक. पण हा ब्रेकही माणसानं दाबल्याशिवाय लागत नाही. माणूसच बेसावध असला तर?

त्यावर उपाय म्हणून स्वतःहून लागणारा ब्रेक निघाला. गाडीच्या पुढच्या बाजूला रडार आणि कॅमेरा असतो. तो अंतर मोजतो, धडक होणार असं दिसलं की आधी इशारा देतो, आणि चालक हलला नाही तर ब्रेक लावतो. व्होल्वो कंपनीनं २००८ साली असा ब्रेक गर्दीतल्या कमी वेगासाठी आणला. तो पुढची मोटार ओळखायचा. २०१०मध्ये तो पायी चालणारा ओळखू लागला, २०१३मध्ये सायकलवाला. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांचाही क्रम असाच आहे : २०१४ला मोटार, २०१६ला पादचारी, २०१८ला सायकल, आणि २०२३ला मोटारसायकल. सायकल अंगानं बारीक, आडवी येणारी; मोटारसायकल बारीक असून वेगवान. यंत्राला ती ओळखणं अवघड जातं हे खरंच. पण आपण काय आधी ओळखायचं ठरवलं, हेही या क्रमात दिसतं.

नियमांतही तो फरक उतरला. युरोपीय संघानं जुलै २०२४पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना पादचारी आणि सायकलस्वार ओळखणारा ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेनं एप्रिल २०२४मध्ये जो नियम काढला, त्यात सप्टेंबर २०२९ची मुदत दिली. पुढचं वाहन आणि पादचारी ओळखायला हवा असं म्हटलं, पण सायकलस्वार नि मोटारसायकलस्वार ओळखण्याची सक्ती केली नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. ज्यांना शेवटी ओळखायचं ठरलं, तीच आपल्याकडं सगळ्यांत जास्त मरतात.

आता थोडं आमच्या रस्त्याबद्दल. माझा चुलतभाऊ हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. वाटेत एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. भावाच्या गाडीचा दिवा चालू होता, ब्रेक चांगले होते. पण ब्रेक दाबायला आधी समोरचं दिसावं लागतं. तो घरी पोचला नाही.

त्या दिवसापासून अब्बांचं वाक्य मला अपुरं वाटतं. लहानानं दिसावं, हे ठीकच. पण मोठ्यानं बघावंही आणि दिसावंही. रडारवाल्या गाड्या आमच्या ऊसवाटेवर सर्रास यायला वेळ लागेल. ट्रॉलीच्या मागची पट्टी मात्र आजच लावता येते. लावली असेल तर चिखलानं माखते, बाहेर आलेल्या उसाच्या कांड्यांआड जाते. म्हणून ट्रॅक्टरवाल्या भावांना एवढंच सांगणं आहे. कारखान्याकडं निघताना एकदा खाली उतरा, ट्रॉलीच्या मागं जा आणि फडक्यानं ती पट्टी पुसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)