पहिल्या धारेचा इतिहास

आमचा पुतण्या अमेरिकेत असतो. गेल्या महिन्यात त्याला कसल्याशा स्पर्धेत पदक मिळाले. "आपल्या घराण्यात पदक!" म्हणून आमच्या सौ.ने त्याचा फोटो चार शेजारणींना दाखवला. पदक घरी केलेल्या बिअरचे आहे, हे पाचव्या शेजारणीने विचारले तेव्हा उघडकीस आले.

मी पडलो बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. कोणतीही नोंद दिसली की तिचे मूळ व्हाउचर शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. शोधले. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली, पण घरी बिअर करायची मोकळीक राहूनच गेली. ती १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मिळाली. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. घरात दोन प्रौढ असतील तर २०० गॅलन. जोडखात्याला दुप्पट मर्यादा! लगेच १९७९ मध्ये बोल्डर गावी घरगुती बिअरची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, ती आजतागायत भरते.

हे मी आमच्या शाखेतल्या शिपायाला सांगितले. तो पांढरकवड्याकडचा. म्हणाला, "साहेब, आमच्या गावात असे लय चॅम्पियन होते. त्यायले पोलीस घेऊन जात."

मग मी आमच्या यवतमाळचे खाते उघडले. ते मोहाच्या नावावर निघाले. चैतात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. गोंड-कोलामांच्या बाया तो वेचतात, वाळवतात. टंचाईत तीच फुले शिजवून पोट भरायचे. उरलेली भिजवून आंबवायची आणि भट्टी लावायची. देवाला आणि सोयऱ्यांना पहिल्या धारेची.

इंग्रजांना मात्र फुलात अबकारी उत्पन्न दिसले. मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडे १८९२ साली नुसती मोहफुले बाळगण्यावरही निर्बंध आले. आमचे वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारभारात. इथे १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि तिथला १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये आमच्याकडे आला. जिल्हा जागचा हलला नाही, कायदे तेवढे बदलीवर येत गेले. तिकडे गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. मोहाच्या दारूची नोंद मात्र आमच्याकडे बहुतेक गुन्ह्याच्या रजिस्टरातच सापडायची.

माझ्यातला इतिहासकार पेटला. मी शिपायाला म्हटले, "आपणही यवतमाळात मोहाची स्पर्धा भरवू!"

तो हसला नाही. "माझा भाऊजी पयला आला असता, साहेब. पर तो पिऊन पिऊनच गेला. बहीण आता दारूबंदीच्या मोर्चात जाते."

मी गप्प झालो. खात्याची दुसरी बाजू मी पाहिलीच नव्हती. जमेकडे फूल, झाड, देव, सोयरे. नावे बाजूला एक कपाळ. शिवाय कार्टरसाहेबांची सवलतही फक्त आंबवण्यापुरती होती, भट्टी लावून गाळण्याला नव्हती, ही बारीक अक्षरातली अट मी वाचूनही सोडून दिली होती. ग्राहकांवर याच गोष्टीसाठी मी रोज ओरडतो.

"मग तुमच्याकडे मोह आता कोणी आणत नाही?" मी विचारले.

"आणते ना. माय आणते. फुलायनं कोणाचं काय वाकडं केलं?"

दुसऱ्या दिवशी त्याने मायने दिलेली वाळलेल्या फुलांची पुडी आणली. सौ.ने एक फूल भीतभीत तोंडात टाकले, मग दुसरे, मग पुडी मनुकांच्या डब्यात ओतली.

"पदकापेक्षा हे बरं," ती म्हणाली, "शेजारणींना सांगता तरी येतं."