परतण्याच्या हेतूचा इतिहास

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी माणसाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे, त्यात 'तो परत आला' आणि 'तो तिकडेच राहिला' ही दोन वाक्ये निर्णायक मानली जातात. पहिल्या वाक्यातून त्याग वाचला जातो, दुसऱ्यातून मोह. चरित्रकार, कादंबरीकार आणि त्यांच्यामागून येणारे समीक्षक या दोन्ही क्रिया सर्वस्वी मनोव्यापार म्हणून घेतात. जणू बोटीतून उतरलेल्या तरुणापुढे राहणे आणि परतणे हे दोन्ही दरवाजे सारखेच उघडे होते आणि त्याने आपल्या स्वभावधर्मानुसार एक निवडला. अमेरिकेपुरते बोलायचे, तर हे दोन दरवाजे कधी, कोणी, कोणत्या शब्दांत उघडले आणि मिटले याचा एक स्वतंत्र इतिहास आहे. तो कायद्याच्या कलमांत दडलेला असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांच्या वाटेला सहसा येत नाही.

प्रारंभी दरवाजाच नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, कारण तशी वस्तूच अस्तित्वात नव्हती. (पासाची कल्पना आपल्याला अपरिचित होती असे नव्हे. पेशवाईतल्या कागदपत्रांत वाटसरूंना दिलेली दस्तके आहेत. पण दस्तक वाटेसाठी असे, मुक्कामासाठी नव्हे.) त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा अमेरिकेने केला होता. हिंदुस्थानातून येणाऱ्यांची संख्या इतकी नगण्य होती, की त्यांच्याविषयी कायदा करावा असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये कॉर्नेलला गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, तेही व्हिसाविना. बाबासाहेबांना परत येण्यास बांधणारा कागद अमेरिकेचा नव्हता, बडोद्याचा होता: शिष्यवृत्तीच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार.

चित्र पालटले ते १९१७ साली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकेच्या काँग्रेसने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जो कायदा संमत केला, त्याने आशियाच्या नकाशावर अक्षांश-रेखांशांनी एक पट्टा आखला आणि त्या पट्ट्यातल्या रहिवाशांना प्रवेश बंद केला. हिंदुस्थान त्यात होता. मात्र या कलमाला अपवादांची एक यादी जोडलेली होती, आणि ती वाचण्यासारखी आहे. सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, मिशनरी, वकील, वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंते, शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथकार, कलावंत, व्यापारी आणि कुतूहलाने वा मौजेखातर हिंडणारे प्रवासी. ग्रंथकार आणि कुतूहलापोटी हिंडणारा माणूस यांना कायद्याने मजुराहून वेगळे काढून आत घ्यावे, यात तत्कालीन पाश्चात्त्य प्रबोधनाचा एक अवशेष दिसतो खरा. पण यादीच्या शेवटी जे वाक्य आहे ते अधिक दूरगामी ठरले. आत आल्यावर ज्याचा तो दर्जा वा व्यवसाय टिकणार नाही, तो अमेरिकेत बेकायदा आहे असे मानले जाईल आणि हद्दपारीस पात्र होईल, अशा अर्थाचे ते वाक्य आहे.

आज तिकडे असलेली आपली मुले फोनवर 'स्टेटस' हा शब्द ज्या भीतीने उच्चारतात, तिचा उगम या वाक्यात आहे. माणूस आत येतो तो माणूस म्हणून नव्हे, एका विशेषणाच्या आधाराने. विशेषण गळून पडले की नामही उरत नाही.

१९२४ च्या कायद्याने यावर आणखी बारकाईने काम केले. त्याने परदेशातील वकिलातीकडून आधीच व्हिसा घेणे कायमचे सक्तीचे केले. युद्धकाळात तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था शांततेतही टिकली. विद्यार्थ्यासाठी कोट्याबाहेरचा एक वर्ग ठेवला: वय किमान पंधरा, येण्याचा हेतू केवळ शिक्षण, आणि संस्था सरकारमान्य. विद्यार्थी शिक्षण सोडून गेला तर ते सरकारला कळवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली. न कळवल्यास संस्थेची मान्यता रद्द. २००३ पासून हेच काम संगणकीय नोंदप्रणालीने होते आहे, आणि ती दहशतवादविरोधी काळाचे अपत्य आहे असे समजले जाते. पण शिक्षकाला पहारेकरी करण्याची कल्पना तिच्याआधी जवळजवळ ऐंशी वर्षांची आहे.

या दोन कायद्यांच्या मध्ये १९२३ चा एक निकाल येतो, आणि आपल्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत बोलका भाग तोच आहे. अमेरिकेत परक्याला नागरिकत्व मिळण्याचा अधिकार १७९० पासून 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'पुरता होता. १८७० मध्ये आफ्रिकी वंशीयांची त्यात भर पडली. हिंदी माणूस यांपैकी कोण? भगतसिंग थिंद हे १९१३ मध्ये अमेरिकेत आलेले पंजाबी गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले. १९२० मध्ये ओरेगनच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. सरकारने आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे थिंद यांच्या वतीने मांडलेला युक्तिवाद असा, की ते उच्चवर्णीय, आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे. आणि या साखळीला पुरावा काय? जातिव्यवस्था. बेटीबंदीच्या कडक नियमांमुळे उच्च जातींचे रक्त शुद्ध राहिले आहे, असे न्यायालयाला सांगण्यात आले. उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूलनिवासीयांकडे विवाहाच्या बाबतीत ज्या नजरेने पाहतो, ती अमेरिकन गोऱ्याच्या कृष्णवर्णीयांकडे पाहण्याच्या नजरेसारखीच आहे, हेही समानतेचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आले!

मे १९१६ मध्ये, म्हणजे या निकालाच्या आधी सातच वर्षे, कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात बाबासाहेबांनी जातीवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला होता. बेटीबंदी हे जातीचे मूळ लक्षण आहे, हाच त्याचा गाभा. ज्या लक्षणावर एका हिंदी विद्यार्थ्याने त्या देशात बसून शस्त्रक्रिया केली, तेच लक्षण त्याच देशात दुसऱ्या हिंदी माणसाचे नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी भूषण म्हणून मांडले गेले. जात समुद्र ओलांडून गेली, असे आपण सैलपणे म्हणतो. येथे ती वकीलपत्र घेऊन गेली.

न्यायालयाने ते मानले नाही. न्यायमूर्ती सदरलँड यांनी दोन गोष्टी म्हटल्या. एक, मिश्रण रोखण्यासाठी केलेले जातीचे नियम पूर्णतः यशस्वी झालेले दिसत नाहीत. आणि दुसरी, 'गोरा' म्हणजे शास्त्रज्ञ म्हणतात तो नव्हे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. गंमत अशी, की तीनच महिन्यांपूर्वी ओझावा या जपानी गृहस्थाचा दावा फेटाळताना याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन असे सांगितले होते. शब्दाचा अर्थ शास्त्र ठरवते की लोकव्यवहार, हा प्रश्न आपण भाषाविज्ञानाच्या तासाला मांडतो. तेथे उत्तर चुकले तर दोन गुण जातात.

निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे काढून घेण्यास सुरुवात केली. वैष्णो दास बगाई हे १९१५ मध्ये आपले कुटुंब घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आलेले व्यापारी. १९२१ मध्ये नागरिक झाले, निकालानंतर ते राहिले नाहीत. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना जमीन धारण करता येत नसे. हिंदुस्थानात भेटीला जायचे, तर ब्रिटिश पारपत्र घ्या असे त्यांना सांगण्यात आले, आणि ब्रिटिशांचे प्रजाजन राहायचे नाही म्हणून तर त्यांनी देश सोडला होता. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचे अखेरचे पत्र तिथल्या वृत्तपत्रात छापून आले.

सखाराम गणेश पंडित यांची कथा याहून वेगळी आहे. नावाची घडण मराठी कानाला ओळखीची वाटते, तरी आपल्या वाङ्मयकोशांत वा चरित्रसंग्रहांत हे नाव सहज सापडणारे नाही. १९१४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. त्यांचेही नागरिकत्व रद्द करण्याचा दावा सरकारने लावला तेव्हा वंश, आर्यत्व, रक्त या वादात ते शिरले नाहीत. त्यांनी साध्या व्यवहाराचा मुद्दा मांडला: तुमच्याच न्यायालयाने सर्व बाजू ऐकून मला नागरिक केले, त्या निवाड्यावर विसंबून मी व्यवसाय उभारला, घर केले, लग्न केले. हिंदी माणसाशी विवाह केलेली त्यांची अमेरिकन पत्नीही त्या काळच्या नियमांनुसार आपले नागरिकत्व गमावून बसली असती. एकदा अंतिम झालेला निवाडा पुन्हा उकरता येत नाही, हे तत्त्व १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि नागरिकत्वे रद्द करण्याची मोहीम थंडावली. वंशशुद्धीच्या भव्य युक्तिवादाने जे साधले नाही, ते 'आता उशीर झाला' या शुष्क तत्त्वाने साधले. मला स्वतःला पंडितांचा युक्तिवाद थिंद यांच्या युक्तिवादापेक्षा नैतिकदृष्ट्याही वरचा वाटतो. त्यात स्वतःला वर चढवण्यासाठी कोणाला खाली ढकललेले नाही. थिंद यांनाही अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, पण ते माजी सैनिक म्हणून.

वऱ्हाड-नागपूरकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे आयुष्य या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचायला हवे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेला, गदर चळवळीत पडलेला हा माणूस पुढे इराण, बर्लिन, मॉस्को असा फिरून १९२४ मध्ये मेक्सिकोत गेला आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर संशोधन करत राहिला. तीना मोदोत्ती यांनी त्यांची छायाचित्रे काढली, दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात ते आले. आपण हे सारे क्रांतिकारकाच्या भटकंतीचे रोमहर्षक प्रकरण म्हणून वाचतो. पण १९२४ हे वर्ष वर येऊन गेले आहे. त्या वर्षी हिंदी शेतीतज्ज्ञाला काम करून राहण्यासाठी सीमेच्या उत्तरेपेक्षा दक्षिण बाजू अधिक मोकळी होती, ही गोष्ट त्या चरित्रात कोठेतरी यायला हवी. केतकरांनी आपल्या एका कादंबरीला 'परागंदा' हे नाव दिले. तो शब्द खानखोजांना अधिक शोभला असता.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा अधिकार आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा दिला. १९५२ च्या कायद्याने, तोही ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून झाला, आजची अक्षरे आणली: विद्यार्थ्यासाठी एफ, तात्पुरत्या कामासाठी एच. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय जुना कोटा मोडून व्यावसायिकांना प्राधान्य दिले. १९६८ पासून तो पूर्णपणे अमलात आला, आणि आपल्या अभियंत्यांची व डॉक्टरांची पहिली मोठी लाट त्यानंतरची. मराठीतील 'अमेरिकेतल्या मुलां'च्या साऱ्या कथा आणि नाटके या तारखेनंतरची आहेत, हे आपण अभ्यासक्रमात कधी सांगतो?

साहित्याच्या माणसाला या साऱ्यात थांबवून ठेवणारा शब्द 'हेतू' हा आहे. १९५२ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्याचे मायदेशी घर असले पाहिजे आणि ते सोडण्याचा त्याचा हेतू नसला पाहिजे. लेखकाच्या हेतूवरून संहितेचा अर्थ ठरवू नये, हे आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवतो. वकिलातीच्या खिडकीत मात्र दोन-तीन मिनिटांत संहितेवरून हेतू ठरवला जातो. कर्ज काढून, घर गहाण ठेवून शिकायला निघालेला विद्यार्थी तिथे नोकरी करूनच ते फेडणार, हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते. तरीही एकाने परतण्याचा हेतू सांगायचा आणि दुसऱ्याने तो मानायचा वा नाकारायचा. १९९० च्या कायद्याने एच-१बी धारकाला या बंधनातून सोडवले: तात्पुरते येऊन कायमचे राहण्याची इच्छा बाळगणे त्याच्यापुरते वैध झाले. विद्यार्थ्याची ती मोकळीक झाली नाही. म्हणजे आज एकाच तरुणाने पदवीपर्यंत परतण्याचा हेतू ठेवायचा, पदवीनंतर प्रशिक्षणाचे वर्ष (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना २०१६ पासून आणखी दोन) काढायचे, आणि सोडतीत एच-१बी लागला की हेतू बदलायचा. एच-१बीची मूळ मर्यादा वर्षाला ६५ हजार, तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत हिशेब नव्याने मांडले गेले असतील.

१९९० च्या त्याच कायद्यात नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या १ लाख ४० हजारांच्या आसपास ठरली आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा घातली गेली. माल्टा आणि भारत यांना मर्यादा एकच. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांची झाली आहे. या रांगेत आईबापांबरोबर उभी असलेली, लहानपणीच तिकडे गेलेली मुले एकविसाव्या वर्षी कायद्याने अज्ञान राहत नाहीत आणि अनेकदा रांगेतून बाहेर पडतात. मग त्यांच्यापुढे उरणारा नेहमीचा मार्ग विद्यार्थी व्हिसाचा. त्यासाठी त्यांना दाखवावे लागते, की आपले घर भारतात आहे आणि ते सोडण्याचा आपला हेतू नाही.