ग्रामनामे व आडनावे (बिडकीन–पैठण परिसर)

गावाला नाव देतात ते बहुधा शेजारी. गावावरून आडनाव पडते ते मात्र गाव सोडून गेलेल्याला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील नावांत सर्वांत जुना पुरावा पैठणचा आहे. संस्कृत ‘प्रतिष्ठान’चे प्राकृतात ‘पइट्ठाण’ आणि पुढे ‘पैठण’ झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘पैठाना’ असे रूप येते. व्यापाऱ्यांच्या कानी पडत होते ते बोलीतले नाव, पंडितांचे नव्हे.

खेड्यांच्या नावांत झाडे फार. पिंपळवाड्या ठिकठिकाणी असल्याने पैठण तालुक्यातली पिंपळवाडी ‘पिराची’ झाली. कन्नड तालुक्यात चिंचोलीला ‘लिंबाजी’ जोडले गेले. बुद्रुक आणि खुर्द हे फारसी ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’, म्हणजे थोरले आणि धाकटे. पैठण रस्त्यावरील बिडकीन व ढोरकीन ही दोन्ही नावे ‘-कीन’ने संपतात, एकाच वाटेवर असे जुळे शेपूट आढळले, तर ते योगायोग म्हणून सोडून देऊ नये.

शहरांची नावे राजवटीगणिक बदलली. देवगिरीचे दौलताबाद मुहम्मद तुघलकाने केले. खडकी येथे मलिक अंबरने १६१० मध्ये शहर वसवले. ते १६२६ मध्ये फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले.

आडनावांत ‘-कर’ प्रत्यय ठळक. पैठणात सगळेच पैठणचे, तेव्हा ‘पैठणकर’ म्हणून ओळखायचे कोणाला? ती ओळख परगावी लागते. वतनदार याला अपवाद: फलटणजवळच्या निंबळकावरून निंबाळकर झाले. उलट वेरूळची पाटीलकी असूनही भोसले भोसलेच राहिले. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे हुद्द्यांवरून आली.

इंग्लंडमध्येही रीत हीच. मँचेस्टरमधील ‘-चेस्टर’ रोमन छावणीच्या लॅटिन ‘कास्त्रा’वरून, डर्बीतील ‘-बी’ डेन लोकांच्या वस्तीवरून. स्मिथ म्हणजे आपला लोहार. मात्र तिथे ‘-कर’ लागत नाही, गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव होते. पूर्वी डरहॅम परगण्यात असलेल्या वॉशिंग्टन गावावरून एका घराण्याला आडनाव मिळाले आणि त्या घराण्यातील जॉर्जवरून अमेरिकेच्या राजधानीला नाव.