पारध आणि प्रतिपाळ

महाभारताच्या वनपर्वांत एक लहानशी कथा आहे. पांडव द्वैतवनांत राहत असतां एके रात्रीं युधिष्ठिराच्या स्वप्नांत हरिणें आलीं. त्यांचे कंठ दाटून आले होते आणि अंगें थरथरत होतीं. तुमच्या शिकारीनें आमचीं कुळें खुंटत चाललीं असून आतां आम्ही बीजापुरतीं काय तीं उरलों आहों, तरी आपण दुसरीकडे राहावयास जावें, म्हणजे आमची पुन्हा वाढ होईल, असें त्यांनीं विनविलें. धर्मराजानें तें गाऱ्हाणें मान्य केलें, भावांस सांगितलें, आणि पांडव काम्यकवनाकडे निघाले.

या कथेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. हरिणांनीं आपलें दुःख कोणा अहिंसाव्रती मुनीस सांगितलें नाहीं, तर ज्याच्या बाणांनीं तीं मरत होतीं त्यालाच सांगितलें. ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी कीं, धर्मराजास जावयास दुसरें वन होतें. ज्या शिकाऱ्यास दुसरें वनच उरलेलें नाहीं त्यानें काय करावें? महाभारतांत या प्रश्नाचें उत्तर नाहीं, कारण त्या काळीं तो प्रश्न उद्भवलाच नव्हता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्भवला, आणि तेथील शिकाऱ्यांनीं व गळ टाकून मासे धरणाऱ्यांनीं त्याचें जें उत्तर शोधलें त्याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

त्या देशाच्या मध्यभागीं पसरलेल्या गवताळ मैदानांवर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बायसन नांवाचे रानबैल कोट्यवधींच्या संख्येनें चरत होते. आमच्या गव्याचा हा दूरचा भाऊबंद. पुढें आगगाडी पश्चिमेकडे सरकली. पूर्वेकडील कारखान्यांत यंत्रांचे पट्टे करण्यास बायसनचें कातडें चालतें असें आढळून आलें. आणि १८७० नंतरच्या पंधरा वर्षांत कातडें सोलून घेऊन मांस जागींच कुजत टाकावयाचें, असा धंदा सुरू झाला. १८८९ च्या सुमारास सबंध उत्तर अमेरिका खंडांत मिळून हजाराच्या आसपास बायसन उरले. ज्यांच्या थव्यांनीं दिवसा आकाश झांकून जात असे त्या प्रवासी कबुतरांची गत याहूनहि वाईट झाली. त्या जातीची शेवटची मादी मार्था सिन्सिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत १ सप्टेंबर १९१४ रोजीं मेली, आणि जात समूळ नष्ट झाली.

या संहाराचें मूळ केवळ क्रौर्यांत नव्हतें. इंग्लंडांत रानांतील शिकार ही जमीनदाराची, आणि गरिबानें ससा धरला तरी तो चोर. हा जाच टाकून आलेल्या लोकांनीं नव्या देशांत रान आणि शिकार हीं सर्वांचीं मानलीं. कल्पना उदार होती. परंतु ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण सगळ्याच देशांत खरी ठरते. जें सर्वांचें तें ओरबाडून घेण्यास सर्व पुढें आले, आणि राखण्यास कोणीच येईना.

राखण्यास जे प्रथम पुढें आले त्यांत शिकारीच अग्रेसर होते. न्यूयॉर्क येथें निघणाऱ्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यानें १८८५ सालीं एका तरुण ग्रंथकाराच्या शिकारविषयक पुस्तकावर कांहींसा टीकात्मक अभिप्राय लिहिला. ग्रंथकार तावातावानें कचेरींत आला. बोलणें सुरू झालें, आणि पश्चिमेकडील जनावरें किती झपाट्यानें नाहींशीं होत आहेत हें ऐकतां ऐकतां त्याचा राग विरून गेला. हा तरुण म्हणजे पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट. त्याच्या खटपटीनें डिसेंबर १८८७ मध्यें ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन झाला. ज्यानें मोठ्या जातीचें एखादें तरी जनावर बंदुकीनें आणि न्यायानें मारलें असेल तोच या क्लबाचा सभासद. न्यायानें म्हणजे जनावरास निसटून जाण्याची संधि ठेवून. पाण्यांत पोहणाऱ्या किंवा बर्फांत रुतलेल्या जनावरावर गोळी झाडणें हें त्यांना कमीपणाचें वाटे. आमच्याकडील धर्मयुद्धाच्या नियमांशीं या कल्पनेचें नातें वाचकांस सहज जाणवेल.

या मंडळींच्या कामाची परीक्षा यलोस्टोन येथें झाली. १८७२ सालीं त्या डोंगराळ प्रदेशांतील बावीस लाख एकर जमीन राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आली होती. तेथें शिकारीस बंदी होती, पण बंदी मोडणाऱ्यास शिक्षा कोणती हें सांगणारा कायदाच नव्हता. चोर सांपडला तर त्याचें सामान जप्त करून त्यास हद्दीबाहेर घालवावें, एवढेंच पहाऱ्यावरील लष्कराच्या हातीं होतें. १३ मार्च १८९४ रोजीं गस्त घालणाऱ्या बर्जेस नांवाच्या टेहळ्यास बर्फांत पावलें दिसलीं आणि गोळ्यांचे आवाज ऐकूं आले. उघड्या बर्फावरून चारपांचशें पावलें चालून तो एका माणसाच्या पाठीशीं जाऊन ठाकला. हॉवेल नांवाचा तो माणूस मेलेल्या बायसनचें कातडें काढण्यांत गुंग होता आणि जवळ आणखी बायसन मरून पडले होते. पकडला गेल्यावर हॉवेल मुळींच भ्याला नाहीं. सव्वीस-सत्तावीस डॉलरांचें सामान जाईल, याहून अधिक नुकसान होणें नाहीं, हें तो पुरतें जाणून होता.

परंतु ग्रिनेलच्या पत्राचा बातमीदार एमर्सन हफ हा त्या वेळीं त्याच उद्यानांत हिवाळ्यांतील जनावरांची पाहणी करीत हिंडत होता, आणि त्याच्यासोबत छायाचित्रकारहि होता. बातमी तारेनें गेली. वॉशिंग्टनमध्यें क्लबाचे सभासद अनेक वर्षें ज्या कायद्यासाठीं खेटे घालीत होते त्याचें विधेयक आयोवाचा प्रतिनिधि जॉन लेसी यानें दोन आठवड्यांच्या आंत मांडलें, आणि ७ मे १८९४ रोजीं त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही झाली. तुरुंगवास दोन वर्षांपर्यंत, दंड एक हजार डॉलरपर्यंत. तरीहि १९०२ च्या सुमारास यलोस्टोनच्या रानांत दोन डझनच बायसन उरले होते. त्या मूठभर बीजापासून आणि बाहेरून आणलेल्या जनावरांपासून आज तेथें कांहीं हजारांचा कळप झाला आहे. महाभारतांतील हरिणांचा ‘बीज’ हा शब्द येथें अक्षरशः खरा ठरला.

इतकें सांगून थांबलों तर आम्ही वाचकांची फसवणूक केल्यासारखें होईल. हे शिकारी बहुधा श्रीमंत, सुशिक्षित व शहरवासी होते. पोटासाठीं मारणारा तो पापी आणि छंदासाठीं मारणारा तो सज्जन, असा एक सोयीचा निवाडा त्यांच्या बोलण्यांत वारंवार डोकावतो. अध्यक्षपद सोडल्यावर रूझवेल्ट १९०९ मध्यें आफ्रिकेंत गेला, तेव्हां त्यानें व त्याच्या मुलानें मिळून पांचशेंहून अधिक जनावरें मारलीं. पुष्कळशीं संग्रहालयांसाठीं होतीं हें खरें, पण आकडा तो आकडाच. याहून मोठा अन्याय मूळच्या रहिवाशांवर झाला. बॅनॉक लोकांस १८६८ च्या तहानें मोकळ्या सरकारी रानांत शिकारीचा हक्क दिलेला होता. वायोमिंग संस्थानानें आपल्या शिकारीच्या कायद्याखालीं त्यांच्यांतील एकास पकडलें, आणि १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तहापेक्षां संस्थानाचा कायदा श्रेष्ठ ठरविला. हा निवाडा चुकीच्या पायावर उभा होता हें त्या न्यायालयानें स्पष्टपणें म्हणावयास २०१९ साल उजाडावें लागलें. रान सर्वांचें म्हणतांना ‘सर्व’ या शब्दांत कोण येतात, हा प्रश्न त्या चळवळीनें प्रारंभीं स्वतःस विचारलाच नाहीं.

विसाव्या शतकांत चळवळीचें रूप पालटलें. जानेवारी १९२२ मध्यें शिकागो येथें ५४ माणसें जमलीं व त्यांनीं ‘आयझाक वॉल्टन लीग’ ही संस्था काढली. वॉल्टन हा सतराव्या शतकांतील इंग्रज ग्रंथकार; मासे धरण्याच्या कलेवर १६५३ सालीं त्यानें लिहिलेलें पुस्तक अजून वाचलें जातें. या संस्थेंत निवडक शंभर धनिक नव्हते. गांवोगांवचे दुकानदार, डॉक्टर, वकील असे गळ टाकणारे लोक हजारोंनीं शिरले. मिसिसिपी नदीच्या वरच्या अंगास असलेल्या पाणथळ जमिनी कोरड्या करून शेतीस द्याव्यात अशी योजना तेव्हां पुढें आली होती. पूर ओसरल्यावर या डबक्यांत माशांचीं पिलें अडकून राहतात आणि बदकें उतरतात, हें तेथें रोज बसणाऱ्यांस ठाऊक होतें. योजना आंखणाऱ्यांस नव्हतें. लीगनें देशभर ओरड केली, आणि १९२४ सालीं काँग्रेसनें पंधरा लाख डॉलरांचा खर्च मंजूर करून नदीचा अडीचशें मैलांहून लांब पट्टा माशांसाठीं व पांखरांसाठीं राखून ठेवला. वायोमिंगमधील जॅक्सन होल येथें हिवाळ्यांत एल्क जातीचीं मोठीं हरिणें चाऱ्यावांचून मरत, म्हणून याच लोकांनीं वर्गणी काढून १,७६० एकर जमीन विकत घेतली आणि १९२७ सालीं ती सरकारास देऊन टाकली.

पुढें १९३० नंतरच्या दुष्काळांत तळीं आटलीं आणि बदकांचा नाश होऊं लागला, तेव्हां शिकाऱ्यांनीं एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनीं स्वतःवर कर मागून घेतला. १९३४ च्या कायद्यानें बदकांच्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्यास दरवर्षीं एक डॉलरचें तिकीट घेणें भाग पडलें. पहिल्या तिकिटावरचें चित्र ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकारानें काढलें. सरकारच्या वन्यजीव खात्यावर त्या वेळीं तोच प्रमुख होता. पुढें तिकिटाची किंमत २५ डॉलर झाली, आणि या पैशांतून आजवर सुमारें साठ लाख एकर पाणथळ भूमि राखली गेली आहे. १९३७ च्या दुसऱ्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या कामाकरितां संस्थानांस मिळूं लागलें. त्यास अट अशी कीं, शिकारीच्या परवान्यांचा पैसा संस्थानानें दुसऱ्या कामाकडे वळवूं नये. १९५० सालीं मासेमारीच्या साहित्यावरहि तसाच कर बसला. सरकारी तिजोरींत गेलेला पैसा कोठें वाहून जातो हें जाणणाऱ्या व्यवहारी माणसांची ही अट आहे, आणि आमच्या मतें ती त्या कायद्याचा प्राण आहे.

पैशापेक्षां दुर्मिळ वस्तु म्हणजे चूक ओळखणें. आल्डो लिओपोल्ड हा वनखात्यांतील अधिकारी आणि हाडाचा शिकारी. लांडगे मारले कीं हरिणें वाढतील आणि शिकाऱ्यांचा स्वर्ग होईल, असें इतरांप्रमाणें त्यालाहि तरुणपणीं वाटे, आणि त्यानें लांडगे मारलेहि. परंतु ग्रँड कॅनियनच्या उत्तरेस कैबाब पठारावर हिंस्र पशूंचा संहार झाल्यावर हरिणें बेसुमार वाढलीं, रान खाऊन बसलीं आणि उपासमारीनें मेलीं. लिओपोल्डनें आपलें मत बदललें. १९२४ सालीं त्याच्याच प्रयत्नानें न्यू मेक्सिकोंतील हिलाच्या खोऱ्यांत साडेसात लाख एकर रान रस्त्यांवांचून राखलें गेलें. शेजाऱ्याच्या शेतांत गवतास लागलेला वणवा विझवीत असतां १९४८ सालीं त्याला मरण आलें. जुन्या चुकीची कबुली देणारें त्याचें पुस्तक पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें.

लिओपोल्डचा धडा पुढील पिढीनें हातापायांनीं गिरविला. १९५९ सालीं मिशिगन संस्थानांत ऑसेबल नदीच्या कांठीं जमलेल्या सोळा जणांनीं असें ठरविलें कीं, हौदांत वाढविलेले मासे नदींत सोडीत बसण्यापेक्षां नदीच थंड व निर्मळ ठेवावी. मासे आपले आपण वाढतील. नेवाडा व ॲरिझोना यांच्या वाळवंटांत रानमेंढ्यांचे शिकारी सुटीच्या दिवशीं सिमेंट, नळ व पत्रे डोंगरावर वाहून नेतात आणि पावसाचें पाणी सांठविणारीं टांकीं बांधतात. त्या पाण्यावर येणाऱ्या मेंढ्यांपैकीं एकहि मारण्याचा परवाना बांधणाऱ्याला मिळेलच असें नाहीं. परवाने सोडतीनें निघतात, आणि कित्येकांची पाळी आयुष्यांत येत नाहीं. तरीहि लोक घाम गाळावयास जातात.

हीं रानें अजून सर्वस्वीं निर्भय झालेलीं नाहींत. संघसरकारच्या ताब्यांत सुमारें ६४ कोटी एकर भूमि आहे, आणि तिच्या बहुतेक भागांत कोणीहि नागरिक बोलावणें नसतां जाऊं शकतो. ती विकावी असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. २०१७ सालीं तेहतीस लाख एकर विक्रीस काढण्याचें विधेयक आलें. शिकारी व मासे धरणारे यांनीं असा गदारोळ केला कीं, मांडणाऱ्यानेंच तें थोड्या दिवसांत मागें घेतलें. २०२५ सालीं तसाच प्रस्ताव सेनेटांत आला व तोहि मागें घ्यावा लागला. एरव्हीं ज्यांचीं राजकीय मतें परस्परांविरुद्ध, असे लोक या एका बाबतींत खांद्यास खांदा लावून उभे राहिले. ज्यानें त्या रानांत रात्र काढली आहे, टांक्यास खांदा दिला आहे, त्याला तें रान नकाशावरचा आकडा वाटत नाहीं.

आमच्या देशांत रान राखण्याची परंपरा निराळी आहे. देवराई देवाची म्हणून राहिली आणि शिकारीचें रान राजाचें म्हणून. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या शिकारीसाठीं राखलेल्या दाजीपूरच्या रानांत १९५८ सालीं गव्यांचें अभयारण्य झालें, हें सर्वश्रुत आहे. १९७२ च्या कायद्यानंतर आमच्याकडे शिकार जवळजवळ बंद झाली आणि ती पुन्हा सुरू व्हावी असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु देवाचा धाक ओसरला आहे, राजा गेला आहे, आणि रान आतां कायद्यानें सर्वांचें आहे. म्हणजे भागीच्या घोड्याची गोष्ट आतां आमची आहे. बंदुकीऐवजीं दुर्बीण व कॅमेरा घेऊन रानांत जाणारे आम्ही लोक तेथून कांहींच घेत नाहीं, असें स्वतःची समजूत घालून घरीं परततों. खरें पाहतां आनंद घेतों, आणि त्याचें मोल देण्याचें दुसऱ्यावर सोपवितों.

दया हा थोर गुण आहे. पण दया कोणाच्याहि दुःखानें क्षणभर हेलावते आणि पुन्हा स्वस्थ होते. या शिकाऱ्यांजवळ दया किती होती हें सांगणें कठीण. आपण घेतलेलें परत केलें पाहिजे ही ऋणाची जाणीव मात्र त्यांच्यांत होती, आणि ऋण माणसास स्वस्थ बसूं देत नाहीं. धर्मराजाला काम्यकवन होतें, म्हणून तो द्वैतवन सोडून जाऊं शकला. यांना कोठें जावयास जागा नव्हती. म्हणून ते तेथेंच राहिले, आणि त्यांनीं आपला हात आवरला. आम्हांलाहि काम्यकवन उरलेलें नाहीं.