काकमहालाची वाट : अद्भुतकथा, भगत आणि लोकरॉक

लेड झेपेलिनच्या 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' (१९७१) ह्या गीतात मेंडोलिनच्या साथीने टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील युद्धसृष्टी अवतरते. रॉबर्ट प्लँटचा स्वर निवेदकाचा, सँडी डेनीचा दवंडी देणाऱ्याचा. कथा मात्र गीतात नाही. ती ग्रंथात आहे आणि श्रोत्याने तो वाचला आहे, असे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक जेथे कोसळते तेथे गीताचे काय होते, हा प्रश्न इंग्लंडपेक्षा उल्हासनगरला अधिक जाचणारा आहे.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्यांच्या वाङ्मयीन संचितात शाह अब्दुल लतीफ (१६८९-१७५२) यांचा 'रिसालो' अग्रस्थानी होता. त्यातील मूमल-राणोची कथा अस्सल अद्भुताची आहे. मूमलचा काकमहाल मायावी. तेथील पाणी पाणी नव्हे. राणो सुपारी टाकून पाहतो, ती जमिनीवर वाजते आणि भ्रम फिटतो. परंतु लतीफांचा 'सुर' ही हकीकत क्रमाने सांगतच नाही. त्याचे मन रमते ते राणो रुसून गेल्यानंतरच्या मूमलच्या रात्रींत. अद्भुत तेथे पार्श्वभूमीला सरकते आणि विरह हाच अर्थ होतो. ज्याला महाल ठाऊक नाही, त्याला त्या विरहाची खोली कळावी कशी?

ही उणीव भगत भरून काढी. जामा नेसून, पायांत घुंगरू बांधून गाणारा-नाचणारा हा कलावंत पदे थांबवून कथा सांगे, साथीदार त्याचे बोल उचलून धरीत. भगत कंवरराम (त्यांची १९३९ मध्ये हत्या झाली) हे या परंपरेचे सर्वांत पूज्य नाव. पद आणि आख्यान यांची ही वीण कीर्तनाच्या उत्तररंगात मुरलेल्या मराठी रसिकाला परकी वाटू नये. तरीही त्याच रेल्वेमार्गावरच्या अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी वाचकाला ती शेजारधर्मानेसुद्धा फारशी परिचित झाली नाही, आणि मराठी लोकरंगभूमीच्या अभ्यासाने तिची विशेष दखल घेतली असेही नाही.

सिंधीला १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण अरबी लिपी की देवनागरी, हा वाद मिटला नाही. मराठी, हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पिढ्यांना अरबी लिपीतला 'रिसालो' बंदच राहिला. म्हणजे ग्रंथ दुरावला आणि कथा सांगणारा भगतही विरळ झाला. उरले ते सुटे पद. सीमेपलीकडे जामशोरोच्या 'द स्केचेस' या वाद्यवृंदाने गिटारच्या साथीने सिंधी लोकगायकीला नवा घाट दिला; २०११ मध्ये 'कोक स्टुडिओ'तून तो दूरवर पोहोचला. या प्रयोगाला भ्रष्ट म्हणणे उथळपणाचे ठरेल, कारण लतीफांची संहिता मुळातच गेय आहे. तथापि तेथील श्रोत्याच्या कानामागे भिटशाहच्या दर्ग्यातले गायन आजही चालू आहे. उल्हासनगरच्या तरुण श्रोत्याला तोच स्वर ऐकू येतो, पण सुपारी का वाजली हे सांगणारे त्याच्याजवळ, घरात एखादी आजी असली तर तेवढीच, बाकी कोणी नाही.