बर्लिनचे डॉ. हिर्शफेल्ड

१० मे १९३३ च्या रात्रीं बर्लिनच्या ऑपेरा चौकांत पुस्तकांची जी होळी झाली, तिचें छायाचित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या आगींत कोणाचीं पुस्तकें जळलीं असें विचारलें, तर बहुतेक जण कवि-कादंबरीकारांचीं नांवें घेतील. परंतु त्यांत हजारों ग्रंथ एका वैद्यकीय संस्थेचे होते. चारच दिवसांपूर्वीं ते लुटून आणलेले होते. मशालींच्या मिरवणुकींत त्या संस्थेच्या संस्थापकाचा अर्धपुतळाहि होता. हे संस्थापक म्हणजे डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड.

त्यांचा जन्म १४ मे १८६८ रोजीं बाल्टिक समुद्राकांठच्या कोलबर्ग गांवीं एका ज्यू डॉक्टरांच्या घरीं झाला. हिर्शफेल्ड दोन वर्षांचे असतांना जर्मन साम्राज्य स्थापन झालें. या नव्या साम्राज्यानें ज्यूंना सर्वत्र समान नागरिकत्व दिलें. आणि त्याच साम्राज्यानें प्रशियाचा एक जुना कायदा बव्हेरियासारख्या, तो पूर्वींच टाकून दिलेल्या प्रांतांवरहि लादला. हेंच तें कुप्रसिद्ध कलम १७५. पुरुषांमधील समलिंगी संबंध त्यानें गुन्हा ठरविला. एका हातानें दिलें आणि दुसऱ्या हातानें घेतलें, असा हा प्रकार! मात्र घेतलें तें दुसऱ्यांकडून, म्हणून फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

या कलमाचा खरा जुलूम तुरुंगांत नव्हता. तो होता पैसे उकळणाऱ्या गुंडांच्या हातीं. प्रतिष्ठित माणसाचें एखादें पत्र मिळवावें आणि त्याला जन्मभर पिळावें, हा त्या काळीं बर्लिनमध्यें चालता धंदा होता. हिर्शफेल्ड यांच्या एका रोग्यानें, एका तरुण लष्करी अधिकाऱ्यानें, विवाहाच्या आदल्या रात्रीं गोळी झाडून घेतली व आपली व्यथा त्यांना पत्रानें कळविली. या घटनेनें डॉक्टरांचें आयुष्य पालटलें. १८९६ सालीं त्यांनीं या विषयावर पहिली पुस्तिका काढली, पण टोपणनांवानें. स्वतःच्या नांवानें लिहिण्याचें धैर्य यावयास थोडा अवधि लागला, आणि यांत त्यांना कमीपणा आहे असें मला वाटत नाहीं.

१५ मे १८९७ रोजीं, आपल्या घरींच, त्यांनीं 'शास्त्रीय-मानवहितवादी समिति' स्थापन केली. कलम रद्द करावें असा अर्ज तयार झाला व त्यावर सह्या मिळविण्यास आरंभ झाला. समाजवादी पुढारी ऑगस्ट बेबेल यांनीं १८९८ च्या जानेवारींत तो प्रश्न राइशस्टागमध्यें मांडला. पोलिसांनीं हा कायदा खरोखर बजावला तर एकट्या बर्लिनमधील गुन्ह्यांसाठीं प्रशियाला दोन नवीं कारागृहें बांधावीं लागतील, असें ते म्हणाले. सभागृहांत गोंधळ उडाला. पुढें आइन्स्टाइन, टॉमस मान, हर्मान हेस यांच्याहि सह्या आल्या.

डॉक्टरांचें सर्वच कार्य निर्दोष होतें असें नाहीं. १९०७ च्या एका गाजलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत त्यांनीं तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आणि नंतर ती फिरविली. चळवळीची पत बरीच घसरली. त्यांचे सिद्धांतहि त्यांच्या कित्येक मित्रांना पटत नसत. परंतु वेषावरून पोलिसांकडून छळल्या जाणाऱ्यांना, हवा तो वेष करण्याचे परवाने त्यांच्याच वैद्यकीय दाखल्यांवर मिळूं लागले, आणि १९१९ सालीं उघडलेल्या त्यांच्या संस्थेंत गरिबांना विनामूल्य सल्ला मिळे.

हिर्शफेल्ड फारसे धर्मनिष्ठ नव्हते. पण त्यांचें ज्यूपण त्यांच्या शत्रूंनीं कधीं विसरूं दिलें नाहीं. १९२० सालीं म्यूनिकमध्यें त्यांना इतकें मारलें कीं कांहीं वृत्तपत्रांनीं ते वारल्याचें छापलें. स्वतःचे मृत्युलेख त्यांना रुग्णशय्येवर वाचावयास मिळाले. त्यांचे सहकारी, कायदेपंडित कुर्ट हिलर हेहि ज्यूच. १६ ऑक्टोबर १९२९ रोजीं राइशस्टागच्या समितीनें कलम काढून टाकण्याच्या बाजूनें १५ विरुद्ध १३ असा कौल दिला. यश हातभर अंतरावर आलें. पण तो मसुदा पूर्ण सभागृहापुढें आलाच नाहीं.

१९३० च्या अखेरीस डॉक्टर जगप्रवासास निघाले. १९३१ सालीं ते हिंदुस्थानांतहि आले होते, आणि त्यांच्या प्रवासग्रंथांत या देशाच्या स्वातंत्र्याविषयीं स्पष्ट सहानुभूति आहे. बर्लिनला परतणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. पॅरिसच्या एका चित्रपटगृहांत वार्तापट पाहतांना आपलें ग्रंथालय जळतांना त्यांना दिसलें. हिलर यांना छळछावण्या भोगाव्या लागल्या. सुटल्यावर ते प्रागला निसटले. हिर्शफेल्ड १४ मे १९३५ रोजीं, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशीं, नीस येथें वारले. त्याच वर्षीं नाझींनीं कलम १७५ अधिक कडक केलें.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीनें तें कडक कलम तसेंच चालूं ठेविलें. छावणींतून जिवंत सुटलेल्या माणसाला त्याच कलमाखालीं पुन्हां तुरुंगांत टाकतां येत होतें. १९६९ सालीं तें शिथिल झालें आणि १९९४ सालीं कायद्याच्या पुस्तकांतून कायमचें गेलें. १९४५ नंतर शिक्षा झालेल्यांवरील डाग पुसण्याचा कायदा २०१७ सालीं झाला; तोंवर त्यांतले पुष्कळजण हयात राहिले नव्हते.